पार्सलचं वजन

सोमवार, ९ तारीख

ताई,

आधी कबूल करून टाकतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. आज सकाळी मी दादाच्या पोरीला आमच्या पार्सल ऑफिसात नेलं आणि वजनाच्या काट्यावर ठेवलं. बारा दिवसांच्या पोरीला. कोणाला न विचारता.

झालं असं की वहिनी आंघोळीला गेलेली, आई भाजीला आणि दादा कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये अडकलेली लिफ्ट सोडवायला. जाताना वहिनी मला म्हणाली, "दहा मिनिटं लक्ष दे." ऑफिस आपल्या जिन्याखालीच. मालक दहाशिवाय येत नाही. म्हटलं घरात रोज जो तमाशा चाललाय त्याचा एकदाचा निकाल लावू. काट्यावर टॉवेल ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि वर पोरगी ठेवली. तीन किलो दोनशे साठ ग्रॅम. रडली नाही, नुसती दिव्याकडे बघत होती.

तेवढ्यात पाकीट घेऊन एक म्हातारे आले. काट्याकडे बघून म्हणाले, "हे कुठं चाललंय?" मी म्हटलं, "परत वरती. पत्ता चुकलाय." तेव्हापासून मी तिला पार्सलच म्हणतो.

आता तमाशा काय ते सांगतो. फोनवर नाही सांगता येत, आई स्पीकर लावून बसते. म्हणून पत्र. आमच्या रात्रीच्या गाडीत टाकलं की दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात.

पार्सल रडली की आई म्हणते, उपाशी आहे. झोपली की म्हणते, अशक्तपणा आहे. वहिनी पाजायला बसली की आई दाराबाहेर घड्याळ बघत उभी. दोरीवरची लंगोटं मोजते, मी पाहिलंय, बोटांवर मोजते. आणि मग जेवताना, कोणाला उद्देशून नाही असं: "आमच्या ताईने दोन्ही पोरं अंगावर वाढवली. कधी कोणाला विचारावं लागलं नाही." वहिनीचा घास तिथेच थांबतो. जन्माला तीन किलो पन्नास होती, पाचव्या दिवशी दवाखान्यात दोन किलो नऊशे भरली. तिथली सिस्टर म्हणाली, सुरुवातीला उतरतंच. पण आईने तेवढं ऐकलंच नाही, नुसतं 'उतरलं' ऐकलं.

म्हणून तीन दोनशे साठ. मी फक्त वहिनीला सांगितलं. आधी तिने माझा कान पिरगाळला. मग तीनदा विचारलं, "नक्की, भाऊजी?" मग तिच्या वहीत लिहिलं, त्या वहीत ती किती वाजता पाजलं तेही लिहिते. मग म्हणाली, "पुढच्या सोमवारी परत. पण मी पण येणार."

आणखी एक. लंगोटांच्या कपाटात मागच्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पावडरच्या दुधाचा डबा आहे. सीलबंद. कोणी आणला, कशाला लपवला? माझा आईवर संशय आहे. नजर ठेवतो.

तुझा
काडी


बुधवार, ११ तारीख

काडी,

तुझं नाव ठेवताना आम्ही चुकलो नाही हे परत कळलं. लोक बाजारात काड्या करतात, तू बाळंतिणीच्या खोलीत करतोस. त्या काट्यावर लोकांचे बूट जातात, बॅटऱ्या जातात. परत न्यायचीच असेल तर काटा आधी पुसून घे.

वाचून मी शिवणाच्या टेबलावर हसले मात्र. माझ्या हातातली कॉलर उलटी लागली आणि सुपरवायझरने बघितलं.

आता नीट ऐक. वजनावर एवढं जाऊ नका. पार्सल, म्हणजे पोरगी, दिवसातून सहा-सात लंगोटं ओली करते का? पिताना गिळल्याचा आवाज येतो का? पिऊन झाल्यावर मुठी सैल सोडते का? सगळं होत असेल तर तिला मिळतंय. हे वहिनीला सांग. माझं नाव घेऊन सांगू नकोस, दवाखान्यातल्या सिस्टरचं घे. माझं नाव त्या घरात आत्ता औषधासारखं कडू लागत असेल.

आई बोलते ते मनावर घेऊ नको म्हणावं. माझं मला माहीत. प्रत्येकीचं वेगळं असतं.

आणि डब्याचा नाद सोड. घरात पावडरचा डबा असणं म्हणजे खून झाला असं नाही. असला तर असू दे.

ताई


सोमवार, १६ तारीख

ताई,

सगळं बिघडलं. आणि मीच बिघडवलं.

आज सकाळी आई बाहेर गेल्यावर वहिनी आणि मी पार्सलला खाली घेऊन गेलो. काटा पुसला, तोच टॉवेल, तसंच शून्य. वहिनीने ठेवलं. आकडा हलला, थांबला. तीन किलो एकशे ऐंशी.

ताई, ऐंशी ग्रॅम कमी. एका आठवड्यात वाढायच्या ऐवजी कमी. मी म्हटलं, हलली असेल, परत ठेवू. परत ठेवलं. एकशे ऐंशी. तिसऱ्यांदा ठेवायला गेलो तर वहिनीने पोरगी उचलून छातीशी धरली आणि जिना चढून गेली. मी दहा पायऱ्या मागे.

तिने ते वहीत लिहिलं. मी म्हटलं नको लिहू. ती म्हणाली, "खरं आहे ते लिहायचं." आणि दुपारी आईने वही वाचली.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटली आणि हळू म्हणाली, "मी म्हणत होते." मग म्हणाली, उद्यापासून बाटली. वहिनी म्हणाली, "आई, शनिवारी दवाखान्यात जायचंच आहे. शनिवारपर्यंत थांबा." आई म्हणाली, "पोर उपाशी ठेवून थांबू?" दादा आला तेव्हा दोघी त्याच्याकडे बघत होत्या. तो म्हणाला, "शनिवार." लिफ्टमधल्या माणसांना सांगतो तसं, शांतपणे. पण शनिवारी वजन कमी भरलं तर अंगावरचं बंद करून डबा, हेही ठरलं. वहिनीने मान हलवली. तेव्हापासून ती जेवत नाही, पाणी पीत नाही. तिला वाटतं तिचं आटलं.

आता संशयाचं. डबा. मी रोज बघत होतो. शनिवारपर्यंत सीलबंद होता. आज सील तुटलंय आणि पावडर दोन बोटं खाली गेलीय. वहिनीला मी बोललो नाही, पण तिलाही दिसलेलं आहे. कारण कालपासून ती पार्सलला आईजवळ ठेवून आंघोळीला जात नाही. दारात पाळणा ओढते, दार उघडं ठेवून आंघोळ करते. आईला ते कळलंय. काल आई मला म्हणाली, "मी काय पोरीला विष घालणारे का?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस." ती म्हणाली, "तुलाच विचारलं पाहिजे. तुझ्या मनात काय असतं ते तुझ्या बापालाही कळलं नव्हतं."

घरात कोणी कोणाकडे पाठ करून बसत नाही, ताई.

उद्या मी ऑफिसातून शिक्क्याची जांभळी शाई आणतो. ती डब्याच्या बुडाला लावणार, आत नाही, घाबरू नको. उचलणाऱ्याचा हात दोन दिवस जांभळा. साबणानेही जात नाही, मला अनुभव आहे. मग बघू कोण.

काडी


मंगळवार, १७ तारीख

काडी,

पत्र दुपारी मिळालं. लगेच लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत.

तू शाळेत दोनदा नापास झालास, पण डोकं नापास नव्हतं, म्हणून विचारते. पोरगी तीच, टॉवेल तोच. काटा तोच का? मला काट्याचा संशय येतो. पोरीचे गाल बसले का? लंगोटं कमी झाली का? तू ते काही लिहिलं नाहीस, नुसता आकडा लिहिलास. उपाशी पोर आधी आकड्यात दिसत नाही, अंगावर दिसतं.

एक काम कर. किलोची साखरेची बंद पिशवी काट्यावर ठेव. हजार भरते का बघ. मग त्या काट्यावर आठवड्यात कोणी हात घातला का ते काढ.

वहिनीला कसंही करून जेवायला घाल. तिच्या हातात ताट दे आणि समोर बसून पार्सलच्या गोष्टी सांग. बाई उपाशी, बाई रडवेली, मग दूध येईल कुठून? काळजीनेही कमी होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

शाई-बिई लावू नकोस. बाळाच्या वस्तूंजवळ असले धंदे करतात का? आणि तो निळ्या झाकणाचा डबा तिथून हलवू नकोस, कोणाला चिकटवू नकोस. मी एकदा सांगितलं, नाद सोड.

ताई


गुरुवार, १९ तारीख

ताई,

तू 'शाई लावू नकोस' लिहिलंस ते मला बुधवारी मिळालं. शाई मी मंगळवारीच लावली होती. त्यामुळे माझा दोष नाही, गाडीचा आहे.

आधी काटा. साखर ठेवली. बरोबर हजार. माझं तोंड उतरलं. म्हटलं काटा खरा, म्हणजे पोरगी खरंच वाळली.

पण 'कोणी हात घातला का' हे डोक्यातून जाईना. तेव्हा आठवलं. गेल्या गुरुवारी, बारा तारखेला, वजनमापाचा तपासनीस आला होता. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी मालकाने एक कारागीर बोलावला आणि मला म्हणाला, "जा, दोन चहा घेऊन ये आणि सावकाश ये." मला सावकाश ये असं कोणी कधी सांगत नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. पण फुकटचा वेळ मिळाल्यावर माणूस विचार करतो का?

मी वजनांचं रजिस्टर काढलं. आमच्याकडे साबण बनवणाऱ्या एक बाई आहेत, दर शुक्रवारी एक पेटी पाठवतात. बारा वड्या, तोच खोका, तीच दोरी. तीन महिने मागे गेलो. प्रत्येक शुक्रवारी एक किलो सहाशे पन्नास. गेल्या शुक्रवारी, तपासनीस येऊन गेल्यावर, एक किलो पाचशे. बाईंना विचारलं, वड्या कमी टाकल्या का? त्या म्हणाल्या, "बारा म्हणजे बारा. मी काय तुमच्या मालकासारखी आहे का?" म्हणजे मालक काटा वाढवून ठेवतो असा त्यांनाही संशय होता, ताई. मलाच नव्हता, आणि मी रोज त्या काट्यापाशी उभा असतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

पानांचे फोटो काढून घरी गेलो. आधी आईला सांगितलं, तीच चूक झाली. आई म्हणाली, "तू तर म्हणणारच. गेल्या वर्षी तीन दिवस पाणी नाही असं तूच बिल्डिंगभर सांगितलंस. लोकांनी फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. तुझ्यावर विश्वास ठेवायला मी काय बिल्डिंग आहे?" पालथ्या घड्यावर पाणी.

मग वहिनीकडे गेलो. ती खाटेवर बसली होती, पार्सल अंगावर, आणि वहिनी भिंतीकडे बघत. मी फोटो दाखवला. आधी तिने बघितलंच नाही. मग साबणवाल्या बाईंचे आकडे बघितले आणि सरळ बसली. तुला माहीतच आहे, ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. म्हणाली, "भाऊजी, मशीनवर संशय आला की आम्ही काय करतो? जिचा नंबर पक्का माहीत आहे ती काच लावून बघतो. ही साबणाची पेटी म्हणजे तुमची पक्की काच." वहीमागे गणित केलं. पेटी खरी पंधराशे, दाखवत होती साडेसोळाशे. म्हणजे प्रत्येक दहाला एक जास्तीचा. मग पहिल्या सोमवारची पार्सल तीन दोनशे साठ नव्हतीच. होती दोन नऊशे साठच्या आसपास. आणि आताची तीन एकशे ऐंशी खरी.

ती पेन्सिल धरून थांबली. मग हळूच म्हणाली, "दोनशे वीस. वाढलीय." मी म्हटलं, "घटली नाही ना?" ती म्हणाली, "वाढलीय, भाऊजी. एका आठवड्यात दोनशे वीस." मग म्हणाली, "मला भूक लागलीय." मी ताट आणलं, सगळं संपवलं.

आता तुला वाटेल झालं, मिटलं. कुठलं. आई दारात उभी होती, सगळं ऐकलेलं. म्हणाली, "वाढली असेल तर डब्याने वाढली असेल. पावडर कोणी काढलीय मला माहीत आहे." वहिनी म्हणाली, "मलाही माहीत आहे कोणी काढलीय." दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं की मी ताट घेऊन मोरीत पळालो.

पण संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र बसले आणि माझी शाई कामाला आली. मी म्हटलं, सगळ्यांनी हात दाखवा. आई म्हणाली, तू कोण हात बघणारा. आणि हात टॉवेलखाली घेतला. मी टॉवेल ओढला. अंगठा जांभळा. मी जिंकलो असं वाटलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "अगं, तुझाही?" वहिनीकडे बघून. वहिनीची दोन बोटं जांभळी. आणि दादाचे हात तर ग्रीसने काळेच असतात, त्यात काय दिसणार. पण दादाचा खालचा ओठ जांभळा होता.

पार्सल तेवढी उचक्या देत होती.

आधी आई बोलली. ती रोज डबा उचलून बघत होती, वहिनी चोरून वरचं देते का. देताना मात्र कधी दिसली नाही. वहिनी म्हणाली, "मीही तेच बघत होते, तुम्ही देता का. आणि रविवारी सील मी फोडलं. पाणी उकळलं, बाटली भरली. मग वाटलं, ही बाटली दिली की माझं संपलं. ओतून टाकली. सोमवारी परत तेच केलं." आई म्हणाली, "मग दोन बोटं पावडर गेली कुठं?" दादा ताटाकडे बघत म्हणाला, "मी चहात टाकतो. बरी लागते."

ताई, मी आईला हसताना बघितलं. अर्धा सेकंद. मग तिने दादाला जे धुतलं ते तुला फोनवर ऐकू आलं असतं.

म्हणजे पार्सलच्या पोटात एक चमचाही पावडर गेली नाही. सगळं वहिनीचं.

आता खरा प्रश्न. मी विचारलं, डबा आणला कोणी? आई म्हणाली मी नाही. वहिनी म्हणाली मला वाटलं आईंनी. दादा म्हणाला मला वाटलं हॉस्पिटलातून येतो. तिघंही खरं बोलत होते, कोण खरं बोलतंय ते ओळखण्यात आता माझा हातखंडा झालाय.

आणि ताई, मी तुला एकाही पत्रात डब्याच्या झाकणाचा रंग लिहिलेला नाही. मी परत परत आठवून बघितलं. तू लिहिलंस निळं झाकण. झाकण निळंच आहे.

बोल.

काडी


शुक्रवार, २० तारीख

काडी,

तू पोलिसात जायचा तो पार्सल ऑफिसात गेलास. हे पत्र वाच आणि फाडून टाक. फाडून म्हणजे फाडून. तुझी शपथ मला नको, तुझ्या शपथांचा भाव मला माहीत आहे. फक्त फाड.

डबा मी ठेवला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी मी बघायला आले होते, आठवतं? तू त्या दिवशी माझ्या बॅगेत उशीचा अभ्रा भरून ठेवला होतास. वहिनी पोरीला पाजत होती आणि आई म्हणत होती, "आमच्या ताईला बघ." मी तिथे उभी होते. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. जशी मी कोणी मोठी, आणि ती कोणी लहान.

आता ऐक. मोठ्याच्या वेळी मला तिसऱ्या आठवड्यात दूध कमी पडायला लागलं. पोर वाळलं, खरंच वाळलं, काट्याची चूक नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही द्यायला सांगितलं, आधी अंगावर, मग वरून. मी दिलं. पोर उभं राहिलं. पण आईने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो, अंगावरच." एकदा म्हटलं, मग मागे जाता येईना. आईने ते सगळ्या बायकांना सांगितलं. आई यायची असली की मी डबे शेजारणीकडे ठेवायची. तुझ्या भाऊजींनाही मी सांगून ठेवलं होतं. अकरा वर्षं झाली. धाकट्याला खरंच अंगावर वाढवलं, पण आईला दोन्ही पोरांचा एकच हिशेब माहीत आहे.

म्हणून मी जाताना डबा कपाटात मागे ठेवला. म्हटलं, वहिनीला लागला तर सापडेल, विचारावं लागणार नाही, मागावा लागणार नाही. मला कोणी ठेवला असता तर बरं झालं असतं. एवढाच विचार. त्यावरून तुमच्याकडे लढाई होईल असं वाटलं नव्हतं.

हे मी आईला सांगू शकत नाही. ती बाजारात मान वर करून चालते ती माझ्या नावावर. आता तिची मान खाली घालायची का, ह्या वयात?

शनिवारचं वजन कळव. फाड.

ताई


मंगळवार, २४ तारीख

ताई,

शनिवारी दवाखान्याच्या काट्यावर तीन किलो तीनशे वीस. त्यांचा काटा मी आधी साखरेच्या पिशवीने तपासला, सिस्टर हसली पण चिडली नाही. म्हणाली, छान वाढतेय, आता रोज वजन करू नका, वही बंद करा. बाटलीचा विषय संपला.

पण ताई, जिना चढताना आई म्हणाली, "चला, बरं झालं. आमच्या ताईला मात्र वजनंबिजनं करावी लागली नाहीत." सहज म्हणाली, वाईट हेतू नव्हता. वहिनी पुढे चालत होती, तिची मान परत खाली. संध्याकाळी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, उद्या काटा वर आणता येईल का? रोज एकदाच बघू." मी म्हटलं, सिस्टर नको म्हणाली. ती म्हणाली, "सिस्टरला काय, ती घरी कुठे राहते."

तेव्हा मला कळलं की वजन कितीही वाढलं तरी हे थांबणार नाही. आणि तुझं पत्र माझ्या खिशात होतं. फाडलं नव्हतं. माफ कर.

मी ते धुतलेल्या लंगोटांच्या घडीत ठेवलं. वरून तिसरं. म्हटलं वहिनीला मिळेल, वाचेल, हसेल, झोपेल, आणि मी काही बोललो नाही असं होईल.

लंगोटांच्या घड्या आई घालते, ताई. मी ह्या घरात वीस वर्षं राहतो आणि घड्या कोण घालतं हे मला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी मी ऑफिसात एकटा होतो. आई खाली आली. ती कधी खाली येत नाही. पत्र हातात, घडी घातलेलं. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं. पोराच्या कपड्यांत शाईचे कागद ठेवू नये." मी म्हटलं, "आई." ती म्हणाली, "गप." मग पार्सल बांधायच्या स्टुलावर बसली.

बराच वेळ दोरीचा गुंडा सोडत बसली होती. मग म्हणाली, "तुझ्या वेळी मला थेंब नव्हता. दोघांना पाजलं होतं, तुझ्या वेळी काही नाही. माझी सासू म्हणायची, बाई म्हणवते आणि पोर उपाशी. तू पूर्ण डब्यावर वाढलास." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याचं काय झालं ते बघतेच आहे."

मी हसलो, ती नाही हसली. म्हणाली, "मला वाटायचं, मागे लागलं की जमेल. माझ्या मागे कोणी नीट लागलं नाही म्हणून नाही जमलं, असं मला वाटायचं. ताईचं जमलं तेव्हा मला काय वाटलं होतं तुला कळणार नाही." मग उठली. म्हणाली, "तिला तिसऱ्या आठवड्यात एकटीने ते सगळं करावं लागलं, आणि मी फोनवर."

तिथेच थांबली.

वर गेली आणि वहिनीच्या खोलीत गेली. मी जिन्यात कान लावून होतो, खोटं कशाला बोलू. आईने तिला स्वतःचं सांगितलं, माझ्या वेळचं, सासूचं, डब्याचं, सगळं. तुझं एक अक्षर नाही. मग आई म्हणाली, "दे तिला माझ्याकडे. तू झोप." आणि वहिनीने पार्सल तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. आतून नाही, नुसतं लोटलं. तीन तास झोपली. उठली तेव्हा पोरगी रडत होती, भुकेने, आणि वहिनी वहीत न बघता पाजायला बसली. काट्याचं परत विचारलेलं नाही.

आता मुद्दा. आईने मला शपथ घातलीय. म्हणाली, मला कळलंय हे ताईला कळता कामा नये. "ती मला सांगेल तेव्हा सांगेल. तोवर मी बाजारात तेच सांगणार, दोन्ही अंगावर वाढवली. ते तिचं आहे, तिने सांभाळलंय, मी कशाला फोडू?" मी हो म्हटलं. आणि बघ, दोन दिवस टिकलो.

तुझ्या पाया पडतो. फोन आला आणि आई म्हणाली की आमच्या ताईला बघा, तर नेहमीसारखं हूं म्हण. रडू नको, आवाज बदलू नको, तिला लगेच कळतं. वहिनीला माझ्या खिशातल्या पत्राचं माहीत नाही, तिला सांगू नको. दादाला तर काहीच माहीत नाही, तो अजून चहाचंच दुःख करतोय. भाऊजींना सांगू नको, ते जेवताना बोलतात. आईला कळलं की मी बोललो, तर ह्या घरात उरलेला एकमेव माणूस जो माझ्यावर थोडा विश्वास ठेवतो तोही जाईल, आणि तो विश्वास फक्त रविवारपासूनचा आहे, ताई. अजून नीट वाळलेलासुद्धा नाही.

कोणाला सांगू नको. हे पत्र फाड. मी फाडलं नाही म्हणून तूही ठेवशील, असं करू नको. वाचून झालं की लगेच, तिथेच, टेबलावर फाड. आणि कोणी विचारलं काडीचं काय लिहून आलं, तर सांग, काही नाही, नेहमीचंच, पार्सल वेळेवर पोचलं.

तुझा
काडी